कंपनीच्या डब्यातली लाल झाक

१. दात वाजवणारं इंजिन

दंतवैद्यांनी गाडी आमच्या गॅरेजच्या दारात लावली आणि इंजिन बंद न करताच खाली उतरले.

"ऐका," ते म्हणाले. "दात वाजवतेय. आणि दातांतलं मला कळतं."

ऐकू तर सगळ्यांनाच येत होतं. बॉनेटखालून टकटक टकटक चालली होती. गाडीचं सर्व्हिसिंग आमच्याकडेच नुकतं झालेलं. आमच्या मिस्त्रींनी तेल मोजायची डिपस्टिक ओढली आणि पांढऱ्या चिंधीवर पुसली. ताज्या तेलाचा डाग पिवळसर पडतो. चिंधीवर पडला तो गुलाबी.

मिस्त्रींनी चिंधी माझ्यासमोर धरली. ते बोलले काहीच नाहीत. एरवी ते स्क्रू हरवला तरी तासभर बोलतात.

आमचं गॅरेज म्हणजे एका मोटार कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. दारावर कंपनीचा बोर्ड आहे आणि त्या बोर्डाची मुख्य अट अशी, की गाडीत कंपनीच्याच नावाचं सिंथेटिक इंजिन ऑइल घालायचं, दुसऱ्या कुणाचं नाही. ते काळ्या डब्यात येतं, काळ्या झाकणाचं, झाकणाला सील. ज्या खोक्यातला डबा दंतवैद्यांच्या गाडीत गेला होता, त्याच खोक्यातला एक अख्खा सीलबंद डबा मी फोडला आणि काचेच्या ग्लासात ओतला. लाल झाक. दुसरा फोडला, तोही तसाच. शेजारच्या खोक्यातला फोडला, तर तेल स्वच्छ पिवळं.

दंतवैद्यांच्या इंजिनातलं तेल काढून आम्ही चांगलं घातलं. टकटक थांबली. इंजिन वाचलं होतं आणि त्या भल्या माणसाने आवाजही चढवला नाही. "दुखायला लागल्यावर लगेच आलो, म्हणून वाचलं. माझे पेशंट असे वागतील तर," एवढं म्हणून ते गेले. या सगळ्या प्रकरणात मी ज्यांचे उपकार मानतो त्यांत ते पहिले.

मग मी स्वतःच कंपनीला फोन केला आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कंपनीचे साहेब आले. त्यांचा टाय उन्हाळ्यातही सैल होत नाही, म्हणून आम्ही त्यांना टायवाले म्हणतो. त्यांनी उरलेल्या डब्यांतला एक नेला, तपासून घेतला आणि शुक्रवारी परत आले.

"तुमच्या तेलात गिअरबॉक्सचं लाल तेल मिसळलंय," ते म्हणाले. मग सरळ चालत गॅरेजच्या कोपऱ्यात गेले आणि तिथल्या पिंपावर थाप मारली. "आणि हे काय आहे?"

पिंप गिअर ऑइलचं होतं. गिअर ऑइल लाल होतं.

"सील नकली मिळतात बाजारात," टायवाले म्हणाले. "चांगलं तेल काढून विकायचं आणि हे भरायचं. सोमवारी येतो. कुणी केलं त्याचं नाव तयार ठेवा. नाहीतर बोर्ड उतरवून नेईन आणि तक्रार तुमच्या सगळ्यांवर होईल."

२. किल्ली कुणाकडे

नाव तयारच होतं. नुसतं कुणी उच्चारत नव्हतं.

स्टोअरची किल्ली एकाच माणसाकडे असते: माझ्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे. आम्ही त्याला शिस्तोबा म्हणतो. स्टोअरमधल्या प्रत्येक डब्याचं तोंड त्याला समोर लागतं. एखादा डबा पाठ करून उभा राहिला तर याला जेवण जात नाही. पण आमच्याकडे येण्याआधी तो एका दुकानात काउंटरवर होता. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या डब्यांत भलतंच तेल भरलं जायचं. एक दिवस धाड पडली. शिस्तोबाला मागच्या खोलीचा पत्ताही नव्हता, हे पोलिसांनीही मान्य केलं. पण गाव काही पोलिसांचं ऐकत नाही. त्यानंतर त्याला कुणी कामावर ठेवेना, तेव्हा माझी बायको माझ्याशी बोलली आणि मी त्याला किल्ली दिली.

"कोळसा उगाळावा तितका काळाच," मिस्त्री त्या संध्याकाळी हात पुसत म्हणाले. "मी कुणाचं नाव घेत नाही."

"घेतलंत की."

"मी कोळशाचं घेतलं."

जेवायच्या वेळी शिस्तोबा आमच्या घरी आला आणि उभ्याउभ्याच बोलला. "दाजी, माझं नाव द्या. तसाही मी आधीपासून बदनामच आहे. बोर्ड राहील, गॅरेज राहील, ताईचं घर राहील. मी जातो कुठेतरी."

"तू केलंस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय, दाजी? खरं बोलून मागच्या वेळी काय मिळालं?"

बायको ताटं मांडत होती. तिने एक ताट जरा जोरात ठेवलं. "याचं नाव दिलंत तर मी भांडणार नाही," ती मला म्हणाली. "पण मग मी या घरात राहीन का, हेही मला विचारू नका."

मी उठलो आणि आत्याला फोन लावला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. बसगाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपात प्रयोगशाळा होती, तिथे तेलं तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "नमुने आले होते, पास झाले नाहीत." मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही.

"उद्या येते," ती म्हणाली. "तोवर त्या पोराला जाऊ देऊ नकोस. आणि डब्यांना कुणी हात लावाल तर खबरदार."

३. तीन बरण्या

शनिवारी आत्या आली. पायातल्या बुटांवरूनच कळत होतं की पाहुणचारासाठी आलेली नाही. तिने स्टोअरमध्ये एक स्टूल टाकलं आणि एकेकाला बोलावलं.

पहिले मिस्त्री.

"गाडीत तेल घालताना रंग दिसला नाही?"

"डबा काळा, नरसाळं काळं, इंजिनाचं भोक काळं," मिस्त्री म्हणाले. "सील तोडायचं नि ओतायचं. कंपनीचं तेल काय चाखून बघायचं असतं?"

"तुमचं नि स्टोअरवाल्याचं पटत नाही म्हणे."

"एक पाना घेतला की तीनदा परत मागतो तो! पण पाना मागतो म्हणून कुणी चोर होत नाही, हेही लिहून घ्या." स्वतःच बोललेल्या या वाक्याने ते जरा दचकले आणि बाहेर गेले.

मग खोकी आणणारा टेम्पोवाला. "मावशी, मी उचलतो आणि ठेवतो. मला एकच तेल ओळखता येतं, ते डिझेल, आणि तेसुद्धा पंपावर पाटी असली तरच."

शेवटी शिस्तोबा.

"खोकं आलं तेव्हा कसं होतं?"

"चिकटपट्टी जशीच्या तशी. मीच फोडलं."

"लाल डबे किती खोक्यांत?"

"एकाच. त्यातले सगळे. बाकी सगळी खोकी बरोबर आहेत, दाजींनी उघडून बघितलीत."

आत्याने मान हलवली. "मला एक सांग. तुला डब्यातलं तेल चोरायचं असतं, तर एका खोक्यातले सगळे डबे ओळीने बिघडवले असतेस का?"

शिस्तोबा गोंधळला. "नसते. इकडचा एक, तिकडचा एक... पण मी चोरलं नाही, आत्या."

"चोरलंस असं कोण म्हणालं? चोराला अक्कल असते एवढंच म्हणतेय." मग तिने मला हाक मारली. "काय रे, ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स इथे उघडता?"

"नाही. ते काम मोठ्या वर्कशॉपला पाठवतो. आपल्याकडे फक्त हाताने गिअर टाकायच्या गाड्यांचं. त्यासाठीच ते पिंप."

आत्याने काचेच्या तीन बरण्या मागवल्या. पहिलीत लाल झाक असलेल्या डब्यातलं तेल घातलं. दुसरीत चांगल्या डब्यातलं. तिसरीतही चांगलंच तेल घातलं आणि त्यात आमच्या पिंपातलं गिअर ऑइल थोडं थोडं ओतत राहिली, थेट पहिल्या बरणीइतका रंग येईपर्यंत. आता पहिली आणि तिसरी शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी दिसत होत्या.

"घरी फ्रीझर आहे ना?" तिने विचारलं.

माझ्या बायकोने फ्रीझरमधलं सगळं बाहेर काढून जागा करून दिली. का, हेसुद्धा तिने विचारलं नाही.

"सकाळी चोर कोण ते कळेल का?" मी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "कोण नाही, ते कळेल."

४. आपलं लाल आणि परकं लाल

सकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभे होतो. बायकोने मिस्त्रींनाही चहाला बोलावलं होतं, मुद्दामच.

आत्याने दुसरी बरणी आडवी केली. चांगलं तेल आरामात वाहिलं. तिसरी आडवी केली, म्हणजे जिच्यात आमचं गिअर ऑइल होतं ती. तेल जागचं हललं ते एखाद्या रुसलेल्या म्हाताऱ्याच्या चालीने. मग तिने पहिली आडवी केली. लाल झाक असलेलं तेल पाण्यासारखं झरकन पलीकडे गेलं, चांगल्या तेलाच्याही आधी.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"लाल तेल, लाल तेल म्हणून त्या टायवाल्याने भुई धोपटली," आत्या म्हणाली. "कुणाचं लाल, हे विचारलंच नाही. तुमच्या पिंपातलं लाल तेल जाड आहे, ते थंडीत गोठतं. डब्यातलं लाल तेल पातळ आहे. तसलं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लागतं. ते तुम्ही ठेवतच नाही. आणि गाडीचं इंजिन वाजत होतं ना? तेल पातळ झालं की इंजिन वाजतं. तुमचं जाड तेल पडलं असतं तर ते असं वाजलं नसतं."

शिस्तोबा दारातल्या दारात खाली बसला. त्याच्या ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदर घेऊन स्वतःचे डोळे पुसले. मला काय वाटलं ते सांगतो: आत्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोही. "बरणी सांडेल," ती म्हणाली.

"म्हणजे ही भेसळ जिथे डबे भरतात तिथेच झाली," मी उठत म्हणालो. "म्हणजे मोटार कंपनीच्या कारखान्यात."

आत्या हसली. "मोटार कंपनी मोटारी बनवते. तेल ती करवून घेते. तेलवाला कुणीतरी दुसराच असतो. तो तेल करतो, यांच्या डब्यात भरतो नि आपलं नाव गिळून बसतो."

मी टायवाल्यांना फोन लावून तो कोण, असं विचारलं. आधी पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ते गोपनीय आहे. आणि बरण्या-बिरण्यांवर कंपनी विश्वास ठेवत नाही. उद्या नाव द्या." फोन बंद झाला.

५. थोरली, मधली, धाकटी

"इतकं चांगलं सिंथेटिक तेल करणाऱ्या कंपन्या आपल्या भागात तीनच," आत्या म्हणाली. "थोरली, मधली आणि धाकटी म्हणू. त्या सख्ख्या बहिणी नाहीत, पण एकमेकींवर जळतात तशाच."

"थोरलीच असणार," मिस्त्री म्हणाले. "एवढी बडी मोटार कंपनी छोट्याकडे कशाला जाईल?"

आत्याने डबा उलटा केला. बुडाला साच्याची खूण होती, वर्तुळात बाण. मला वाटलं, सापडलं! पण तिने डबे करणाऱ्या कारखान्यात ओळखीच्या एकाला फोन लावला, तर तो म्हणाला, तिघींनाही डबे आम्हीच देतो. मग ती तेलाबद्दल बोलली. चांगलं तेल तपासून काही उपयोग नाही, कारण तिघी मूळ तेल आणि त्यातली औषधं, म्हणजे मिसळायची रसायनं, एकाच ठिकाणाहून घेतात.

"म्हणजे संपलं," मी म्हणालो.

"संपलं कसं? चांगल्या तेलावरून करणारा ओळखू येत नसेल, पण बिघडलेल्यावरून येईल. डबे भरायच्या नळ्या त्याच असतात. आधी एक तेल, मग दुसरं. आधीच्याचं नळीत उरलेलं नंतरच्या पहिल्या काही डब्यांत उतरतं. आता सांगा, या डब्यांच्या आधी त्या नळीतून काय गेलं होतं?"

"ऑटोमॅटिकचं लाल तेल," शिस्तोबा म्हणाला.

"मग ते डब्यात भरणारी शोधायची. चला."

रविवार असूनही उघडं असलेलं तेलांचं एक मोठं दुकान शिस्तोबाला माहीत होतं. बिघडलेला डबा आणि पहिली बरणी घेऊन आम्ही तिघं गेलो. थोरलीचं ऑटोमॅटिक तेल होतं, लालही होतं, पण फक्त मोठ्या पिंपात. "पिंपं भरायची नळी वेगळी असते. थोरली गेली," आत्या म्हणाली. मधलीचं तेल डब्यात होतं. दुकानदाराने सुटं दाखवलं, तर ते पिवळंच. मधली रंग घालतच नाही. धाकटीचं तेल डब्यात होतं आणि लालभडक होतं.

"धाकटी!" मी म्हणालो.

"थांब. एवढ्याने टायवाला ऐकेल होय?"

आत्याने धाकटीचे लाल डबे एकेक करून खिडकीपाशी नेले. डब्यावर तारीख छापलेली असते, बारीक ठिपक्याठिपक्यांची. तिने खिशातून भिंग काढलं. आमच्या बिघडलेल्या डब्यावरच्या तारखेतली सगळ्यात खालची ठिपक्यांची ओळ उठलेलीच नव्हती, त्यामुळे प्रत्येक आकडा पाय तुटल्यासारखा दिसत होता. छापायच्या यंत्राचं एक भोक बुजलं की असं होतं. धाकटीच्या बहुतेक डब्यांवरचे आकडे धडधाकट होते. मग एक डबा हातात धरून ती थांबली आणि भिंग शिस्तोबाकडे दिलं.

"वाच."

शिस्तोबाने वाचलं. तारीख आमच्या डब्यावरचीच होती. सगळ्या आकड्यांचे पाय तुटलेले होते.

"एकच दिवस, एकच यंत्र, एकच बुजलेलं भोक," आत्या म्हणाली. "आता त्यांच्याकडे जाऊन विचारायचं. नाही म्हणाले तर मात्र आपल्या हातात एवढंच आहे."

६. काळी झाकणं

धाकटीचा कारखाना शहराबाहेर होता. कामाची पाळी चालू होती. प्रमुख स्वतः हजर होते, धुतल्यावरही तेलाचे डाग न गेलेला कोट घालून. आत्याला बघताच ते खुर्चीतून उठले.

"बाई, तुम्ही?"

"ओळखलंत?"

"विसरेन कसा? माझे पहिले तीन नमुने नापास केले होते तुम्ही."

"चार," आत्या म्हणाली.

मी मनात म्हटलं, मेलो. इथे तर जुनं वैर निघालं. आत्याने दोन्ही डबे टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आकडे पाहिले, बरणीतलं तेल हातावर घेऊन बोटांनी चोळलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे डबे आम्ही भरतो असं म्हणायची मला परवानगी नाही," अखेर ते म्हणाले. "करारात पहिलीच अट ती आहे. नाव बाहेर आलं तर काम गेलं. इथली अर्धी माणसं त्या कामावर आहेत."

"मग म्हणू नका," आत्या म्हणाली. "फक्त एवढं सांगा. नळीतलं तेल बदलल्यावर निघालेले पहिले डबे तुम्ही बाजूला काढता ना? मग हे बाहेर गेले कसे?"

त्यांनी आम्हाला खाली नेलं. तिथे पट्ट्यावरून डबे सरकत होते. एका कोपऱ्यात पांढऱ्या झाकणांचे काही डबे मांडून ठेवले होते.

"बाकी सगळ्या मालाला ही पद्धत आहे," ते म्हणाले. "पहिले डबे निघाले की त्यांना पांढरं झाकण लावायचं. पांढरं दिसलं की आंधळाही ते गाडीत चढवणार नाही, ते परत टाकीत जातं. पण या एका गिऱ्हाइकाला नकली मालाची धास्ती आहे. त्यांच्या डब्याला त्यांचंच काळं झाकण लागलं पाहिजे, सीलसकट, आणि प्रत्येक झाकणाचा हिशोब. पांढरं चालत नाही म्हणतात. म्हणून त्यांचे पहिले डबेही आम्ही काळ्या झाकणाने बंद करतो आणि नुसते वेगळ्या फळीवर ठेवतो. त्या दिवशी कुणीतरी ती फळी चांगली समजून खोक्यात भरली असणार." ते थांबले. "दिसायला काहीच फरक नव्हता हो. दोष भरणाऱ्याचाही म्हणता येत नाही."

चोरी होऊ नये म्हणून घातलेल्या नियमानेच माझ्या मेहुण्याला चोर ठरवलं होतं. शिस्तोबा त्या काळ्या झाकणांकडे बघत उभा होता. प्रमुखांनी विचारलं, "आळ कुणावर आलाय?"

"माझ्यावर," शिस्तोबा म्हणाला. "पण साहेब, तुमची माणसं कामावरून जाणार असतील तर राहू द्या. मला सवय आहे."

प्रमुखांनी त्याच्याकडे बघितलं. मग आत्याला म्हणाले, "मला विचार करावा लागेल, बाई." आणि आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

७. सोमवार

सोमवारी शिस्तोबा पिशवी भरूनच आला होता. त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. ती उचलायला माझा हात होईना. मिस्त्रींनी ती उचलली आणि त्याच्याच खिशात कोंबली. "माझ्याकडून पाना परत कोण मागणार मग?" ते खेकसले.

टायवाले वेळेवर आले. बरोबर शिडी घेतलेले दोन मजूर होते.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही," मी म्हणालो. "माझ्या कुणीही हे केलेलं नाही. बोर्ड न्यायचा तर न्या."

मजुरांनी भिंतीला शिडी लावली. तेवढ्यात फाटकातून एक गाडी आत आली आणि तिच्यातून तेलाच्या डागांचा कोट उतरला.

टायवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते दोघं एकमेकांना ओळखत होते, हे लपवायला त्यांना वेळच मिळाला नाही.

"तुम्ही इथे कसे?" टायवाले पुटपुटले.

"हे डबे आम्ही भरले," प्रमुख सगळ्यांच्या देखत म्हणाले. "चूक आमच्या फळीवर झाली. त्या दिवशीचे उरलेले डबे शोधायला आजच माणसं पाठवलीत. करार मोडायचा असेल तर मोडा." मग ते शिस्तोबासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले. "तुमच्यावर आमच्यामुळे आळ आला. माफ करा."

शिस्तोबापुढे आयुष्यात कुणी हात जोडले नव्हते. त्याने ते जोडलेले हात धरले आणि त्याला रडू कोसळलं. मग माझ्या बायकोला. मिस्त्री पाठ फिरवून एका चांगल्या चाकाचे नट आवळायला लागले.

टायवाले रस्त्यावर जाऊन वरिष्ठांशी बराच वेळ बोलले. आले तेव्हा टाय सैल झाला होता.

"बोर्ड राहील," ते म्हणाले. "करारही राहील. पण एक अट. तेल कोण करतं हे इथून बाहेर जाता कामा नये."

"आणि आमची एक अट," आत्या म्हणाली. "पहिल्या डब्यांना पांढरं झाकण लावू द्या. पुन्हा दुसऱ्या कुणाचा भाऊ मला सोडवायला लावू नका."

टायवाल्यांनी ती मान्य केली. शिस्तोबाकडे वळून ते "गैरसमज झाला" असंही म्हणाले. त्यांच्या मानाने ते पुष्कळ होतं.

प्रमुख निघाले तेव्हा मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. "एवढा धोका का पत्करलात?" मी विचारलं.

"रात्रभर डोळा लागला नाही," ते म्हणाले. "बाईंनी चार वेळा नापास केलं, म्हणून आम्ही तेल करायला शिकलो. पाचव्या वेळी त्यांच्यासमोर नापास व्हायचं नव्हतं. आणि तुमचा तो पोरगा स्वतः बुडत असताना माझ्या माणसांची काळजी करत होता."

मी फक्त गाडीचं दार लावून दिलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. शिस्तोबाकडे किल्ली आहे आणि डब्यांची तोंडं समोर आहेत. गॅरेज चालतं, घरात माणसं हसतात, आणि हे सगळं किती जणांच्या चांगुलपणावर उभं आहे हे मला रोज जाणवतं. परवा एक चौकस गिऱ्हाईक काउंटरवर आलं. डबा हातात फिरवत म्हणालं, "मोटार कंपन्या काही स्वतः तेल करत नाहीत, मला ठाऊक आहे. हे खरं कोण बनवतं? तुम्हाला आतलं माहीत असणारच."

मी शिस्तोबाकडे बघितलं. याच तेलापायी त्याचं नाव चोर म्हणून लिहिलं जाणार होतं. सांगून टाकलं असतं तर त्याला कोण काय म्हणणार होतं?

शिस्तोबाने डबा पुसून पिशवीत घातला.

"चांगली माणसं बनवतात," तो म्हणाला.

गिऱ्हाईक हसलं आणि डबा घेऊन गेलं.